दक्षिणेकडचा बंद स्प्रिंकलर

"बिघडलाय तो," हेंक म्हणाला.

मी कोरड्या गवतावर गुडघे टेकून बसलो होतो. मैदानावरचे बाकी सगळे स्प्रिंकलर जमिनीतून डोकं वर काढून पाणी फेकत होते. दक्षिणेकडच्या गोलाजवळ, पूर्वेच्या कोपऱ्यातला हा एकच गवताखाली गप्प होता.

"कधीपासून?"

"झाले काही आठवडे."

"पार्ट मागवलाय?"

"मागवलाय."

हेंक त्या मैदानाचा ग्राउंड्समन. साठीच्या आसपासचा, उंच, आणि बोलण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. माझ्या प्रत्येक प्रश्नाला तो एक श्वास थांबून उत्तर देत होता. असं थांबणारी माणसं मला आवडत नाहीत.

मैदानावरच्या स्प्रिंकलरला वरच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो फिरवला की तेवढ्याच स्प्रिंकलरचं पाणी बंद होतं, बाकीचे चालू राहतात. त्याची चावी माझ्या बॅगेत कायम असते. मी ती लावली आणि दोन आटे उलटे फिरवले. स्प्रिंकलर ताडकन वर आला आणि पहिली धार माझ्या तोंडावर बसली. बिघडलेला स्प्रिंकलर असा उठत नाही.

"हेंक, हा बिघडलेला नाही. हा कोणीतरी हाताने बंद केलाय."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि ट्रॅक्टरच्या शेडकडे चालू लागला. मी चष्मा पुसत मनात म्हटलं, सापडला.

थोडं मागे जाऊन सांगतो.

मी मैदानं तपासतो. म्हणजे मैदानाचं गवत, माती आणि पाणी. मूळचा सांगलीचा. ॲग्रिकल्चर इंजिनीअरिंग करून डेल्फ्टला मास्टर्स करायला आलो, विषय पाणी. ऊस आणि द्राक्षाला पाणी कसं द्यावं हे शिकायला निघालेला माणूस फुटबॉलच्या मैदानावर कसा पोहोचला, ही वेगळी रड आहे. इथे राहायचं परमिट संपायला आलं होतं, ही नोकरी समोर आली, घेतली. आता नीउ-व्हेनेपला घर आहे. शेजाऱ्यांना वाटतं मी इतर भारतीयांसारखा आयटीत आहे. मीही ते खोडून काढत नाही, कारण "गवत मोजतो" म्हटलं की पुढचा अर्धा तास जातो.

आमच्या कंपनीकडे तक्रार आली ती दुसऱ्या डिव्हिजनच्या एका क्लबबद्दल. क्लबचं नाव सांगत नाही. या क्लबने त्या वसंतात घरच्या मैदानावर एकही गोल खाल्ला नव्हता. समोरच्याला गोल करू न देता सामना संपवला, की त्याला फुटबॉलमध्ये क्लीन शीट म्हणतात. इथले डच लोक साधं म्हणतात, 'शून्य राखलं.' त्यांचा गोलकीपर म्हणजे अगदी नवखा पोरगा, पण गावातल्या बेकरीच्या काचेवर त्याचा फोटो लागला होता. मग तिथे हरून गेलेल्या एका क्लबने लीगकडे लिहून दिलं: हे शून्य गोलकीपरचं नाही, गवताचं आहे. दक्षिणेकडच्या गोलासमोर मुद्दाम काहीतरी केलेलं आहे.

आपल्याकडे म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं. माझा धंदा म्हणजे अंगण खरंच वाकडं आहे का ते मोजणं. दहातल्या नऊ वेळा ते सरळच निघतं.

माझी बॉस मार्लेन. ती शनिवार-रविवार बेसबॉल खेळते. हार्लेम, होफ्डॉर्प या पट्ट्यात त्या खेळाचं वेड आहे, आणि इथे त्याला 'होंकबाल' म्हणतात. फाइल देताना ती म्हणाली, "आमच्या खेळात याला शटआउट म्हणतात. समोरच्या टीमला सगळ्या इनिंग्ज मिळून एकही रन नाही. पण पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने टाकला, तरच शटआउट त्याच्या नावावर लागतो."

"आणि ग्राउंड्समनने काही केलं असेल तर?"

"म्हणून तर तुला पाठवतेय. तुम्ही क्रिकेटवाले पिच शिजवता म्हणे."

क्रिकेटमध्ये शटआउट होत नाही. गल्लीतल्या मॅचमध्येसुद्धा एखादा बाय मिळतोच. पण पिच शिजवण्याबद्दल तिचं म्हणणं चूक नव्हतं, आणि ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार! माझे वडील, आप्पा, आयुष्यभर सांगलीत एका क्रिकेट मैदानाचे क्युरेटर होते. मोठी मॅच असली की आदल्या दिवशी कॅप्टन चहाला यायचा. चहा संपेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा. उठताना एकच वाक्य. त्या संध्याकाळी सगळ्या पिचवर पाणी पडायचं, फक्त आपल्या स्पिनरचा चेंडू टप्पा खायचा तेवढी जागा कोरडी राहायची. पाइपचं दुसरं टोक मी धरलेलं आहे. त्यामुळे ओल्या मैदानावर कोरडा तुकडा दिसला, की तो आपोआप राहिला असेल हे माझ्या डोक्यात येतच नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या चाचण्या केल्या. एक छोटी घसरगुंडी असते, तिच्यावरून फुटबॉल सोडायचा आणि तो किती लांब जातो ते मोजायचं. नळीतून ठरावीक वजन सोडून जमीन किती टणक आहे ते पाहायचं. गवताची उंची, माती पाणी किती वेगाने पिते, सगळं. उत्तर आणि दक्षिण सारखीच आली. एखाद्याने तिथेच सही करून गाशा गुंडाळला असता. पण ही चाचणी आठवड्याच्या मधल्या वारी, कोरड्या मैदानावर झाली होती. सामन्याच्या आधी आणि हाफटाइमला मैदानावर पाणी मारतात. ओल्या गवतावरून चेंडू सुळकन जातो, खेळ वेगवान होतो. नियम एवढाच, की पाणी मारायचं तर सगळीकडे सारखं मारायचं.

आणि दिशा बघा. घरचा क्लब हाफटाइमनंतर नेहमी उत्तरेकडे हल्ला करायचा, कारण त्यांचे ढोल-ताशेवाले प्रेक्षक तिकडे बसतात. म्हणजे पाहुण्या टीमला, दमल्यावर, दक्षिणेच्या गोलावर चढाई करावी लागायची. तिथला एक कोपरा कोरडा राहिला, तर त्या बाजूने टाकलेला पास अडखळणार. म्हणून मी हेंकला म्हटलं होतं, "हाफटाइमला लावतोस तसं पाणी लावून दाखव."

"गरज नाही त्याची," तो म्हणाला होता. तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने पाणी सुरू केलं.

स्प्रिंकलर सापडल्यावर मी क्लबचा मॅनेजर येरूनच्या केबिनमध्ये गेलो. येरून चाळिशीचा, दात फार पांढरे. त्याने कॉफी दिली, बिस्किट दिलं आणि माझ्या मुलीचं वय विचारून तिच्या मापाची क्लबची जर्सी काढून समोर ठेवली. मी ती परत सरकवली.

"एक स्प्रिंकलर बंद होता," मी म्हटलं. "कोणी बंद करायला सांगितलं?"

"कोणीच नाही. मैदान हेंकचं डिपार्टमेंट आहे. संपूर्णपणे हेंकचं." हे वाक्य त्याच्याकडे तयार असावं इतक्या चटकन आलं. "तुझ्या रिपोर्टमध्ये हेंकने काही केलंय असं आलं, तर सोमवारी तो इथे नसेल. लीगला तसं कळव. क्लबचा याच्याशी संबंध नाही."

"तो किती वर्षं आहे इथे?"

"माझ्या आधीपासून." मग तो खिडकीशी गेला आणि दक्षिण कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "तसाही तो कोपरा मला बदलायचाय. तिथे मैदानाला लागून जाहिरातींचे नवे एलईडी बोर्ड लावायचेत. तेव्हा पाइपलाइन नवीन करू. मग प्रश्नच मिटला."

विषय बदलण्याची ती पद्धत मला ओळखीची वाटली. आप्पांचा कॅप्टनही उठताना हवापाण्याबद्दल बोलायचा. मी मनात जुळवणी केली: येरूनने सांगितलं, हेंकने केलं, आणि आता येरून हात झटकतोय. गवताला हात लावणारा जाणार आणि सांगणारा राहणार.

घरी आल्यावर आप्पांना फोन लावला. त्यांना फुटबॉलचा गंध नाही. कोल्हापूरकर असते तर गोष्ट वेगळी. पण मैदान म्हटलं की खाटेवर उठून बसतात.

"एकच तुकडा कोरडा?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"आणि बाकीचं मैदान?"

"बाकीचं उत्तम ठेवलंय. माणूस कामाला चोख आहे."

"मग ऐक. चोख माणूस आपण होऊन तुकडा कोरडा ठेवत नाही रे. त्याला रात्री झोप लागत नाही. कोणीतरी सांगितलेलं असतं. तू नळ बघू नकोस, कॅप्टन शोध. कॅप्टन कोण आहे तिथला?"

"कॅप्टन डिफेन्समध्ये खेळतो, आप्पा. त्याला स्प्रिंकलर कुठे आहेत हेही माहीत नसेल."

"खेळणारा कॅप्टन नव्हे. ज्याच्या शब्दावर नळ बंद होतो, तो."

लीगने कळवलं की पुढच्या घरच्या सामन्याला सगळं आहे तसंच ठेवा आणि हाफटाइमला प्रत्यक्ष मोजा. मी स्क्रू पुन्हा बंद केला. हेंक समोर उभा होता. मला वाटलं आता तरी बोलेल. तो म्हणाला, "उलटा फिरव शेवटी अर्धा आटा, नाहीतर गळतं." आणि गेला.

रविवारी दुपारी सामना होता. नैऋत्येचा वारा, इथला नेहमीचा, कान थंड करणारा. मी दक्षिण-पूर्व कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. येरून कुठे बघतो, बेंचवरून कोणी हेंकला खूण करतं का, हे मला पाहायचं होतं. पहिला हाफ गोलाविना संपला. स्प्रिंकलर सुरू झाले. बाकी सगळीकडे पाणी उडालं आणि माझ्या समोरचा तुकडा कोरडा राहिला. पाणी थांबल्यावर मी चटकन घसरगुंडी लावून चेंडू सोडला. ओल्या भागात तो जिथवर गेला, त्याच्या बऱ्याच आधी इथे थांबला. फरक खरा होता आणि नियमात बसणारा नव्हता. येरून माझ्याकडे बघतही नव्हता. तो पाहुण्यांना हात मिळवत फिरत होता. बेंचवरून कोणी खूण केली नाही. मला थोडी निराशाच झाली.

"तूच का तो गवत मोजणारा?"

आवाज मागून आला. वळून पाहिलं तर मैदानाला अगदी लागून व्हीलचेअरची एक रांग होती. मी तिथे तासभर उभा होतो आणि त्या लोकांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. त्यातल्याच एका व्हीलचेअरमधल्या बाई बोलत होत्या, सत्तरीच्या, मांडीवर क्लबच्या रंगाचं ब्लँकेट, हातात थर्मास. त्यांचं नाव टिनेके. इथे आजीच्या वयाच्या बाईलाही नावानेच हाक मारतात. माझ्या जिभेला ते अजून जड जातं.

"हो, मीच."

"मग बाजूला हो. मला गोल दिसत नाही."

मी बाजूला झालो. त्यांनी थर्मासच्या झाकणात सूप ओतून माझ्या हातात दिलं. मटारचं, चमचा उभा राहील असं घट्ट.

"आज कोरडे आहात," मी म्हटलं. खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून.

"हिवाळा संपताना बघायला हवं होतंस. हाफटाइमचं पाणी वाऱ्याने सगळं आमच्या अंगावर. आम्ही कोणी उठून पळू शकत नाही, माहितेय ना? हा आमचा पीट तर दोन आठवडे खोकत होता." शेजारच्या व्हीलचेअरमधल्या माणसाने हात वर करून दुजोरा दिला. "मग मी हेंकला बोलावलं आणि चांगला झापला. तेव्हापासून पाणी येत नाही. नीट केलं त्याने काहीतरी."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी वाऱ्याकडे बघितलं, बंद स्प्रिंकलरकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. पाण्यात मास्टर्स केलेल्या माणसाला वारा कुठून वाहतो हे पाहायचं सुचलं नव्हतं. मी इतके दिवस त्या कोपऱ्यात फक्त गोलपोस्ट पाहत होतो. मला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त हेंकचा. हा बाबा तोंड का उघडत नाही?

सामना एक-शून्य संपला. घरच्या क्लबने पुन्हा शून्य राखलं. दुसऱ्या हाफमध्ये पाहुण्यांचे दोन चांगले फटके त्या नवख्या गोलकीपरने ओल्या बाजूला झेप घेऊन अडवले. कोरड्या तुकड्यात विशेष काही घडलंच नाही. पण रिपोर्टमध्ये असलं लिहायला जागा नसते.

हेंक शेडमध्ये ट्रॅक्टर धूत होता.

"टिनेकेने सांगितलं मला," मी म्हटलं.

त्याने पाण्याचा पाइप बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिला.

"लिहिणार तू ते?"

"लिहायलाच हवं. नाहीतर सगळ्यांना वाटणार तू टीमसाठी केलंस. सोमवारी तुला घरी पाठवतील."

"माझं मी बघेन," तो म्हणाला. "येरूनला मी हिवाळ्यातच सांगितलं होतं की पाणी त्यांच्यावर पडतंय. त्याने काय सांगितलं माहितेय? सोपं आहे, त्यांना वर स्टँडमध्ये काचेमागे हलवू. तिथे खांब आहे. बसून पाहिलं तर अर्धं मैदान दिसत नाही. मी स्वतः खुर्ची ठेवून बसून पाहिलंय. त्याला ती जागा बोर्डसाठी हवीय, कारण मिळत नाहीय. तू लिहिलंस की पाणी त्यांच्यावर पडतं, तर त्याला कारण मिळालं."

"म्हणून तू बिघडलाय म्हणालास."

"बिघडलेला स्प्रिंकलर कोणाला हलवत नाही."

तो पहिल्यांदाच इतकं बोलला होता. मी मनात हिशेब मांडला. लिहिलं तर रांग जाणार. नाही लिहिलं तर हेंक जाणार, आणि तोही लबाड म्हणून.

दुसऱ्या दिवशी मार्लेनला सगळं सांगितलं. ती सरळ म्हणाली, "आपण मोजतो. आकडे लिही. का झालं हे लिहिणं आपलं काम नाही."

"नुसते आकडे लिहिले तर वाचणारा 'का' स्वतः भरेल. मीच भरला होता."

"आणि तुला तो माणूस म्हणतोय म्हणून तू विश्वास ठेवलास? कशावरून दोघांनी ठरवून गोष्ट रचली नाही?"

प्रश्न रास्त होता. ती बॉस उगाच नाही. मी म्हटलं, "विश्वास नाही ठेवत. मोजू या."

म्हणून बुधवारी तसाच वारा असताना मी व्हीलचेअरच्या रांगेत ओळीने प्लास्टिकचे डबे ठेवले, घरातले, डाळीचे. स्प्रिंकलर उघडला आणि हाफटाइमइतका वेळ पाणी चालवलं. मार्लेन स्वतः आली होती. डब्यांत पाणी जमलं. ती रांगेच्या टोकाला उभी होती, तिचं जॅकेट खांद्यापर्यंत भिजलं. केस पिळून झाल्यावर ती म्हणाली, "ठीक आहे, 'का' लिही. पण उपायही लिही. कारण एकटं सोडलं तर ज्याला हवं तो त्याचा उपाय काढेल."

उपाय होता. स्प्रिंकलरच्या तोंडाला नॉझल असतं, त्याच्या कोनावर पाणी किती उंच उडेल ते ठरतं. उंच उडालं की वारा उचलतो. कमी कोनाचं नॉझल मिळतं, पाणी गवताला धरून जातं. क्षुल्लक वस्तू. हेंकला हे माहीत नव्हतं. तो गवतातला तज्ज्ञ, पाणी त्याच्यासाठी चालू किंवा बंद. मी रिपोर्टमध्ये मोजमाप लिहिलं, कारण लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: दोष नॉझलचा आहे, प्रेक्षकांच्या जागेचा नाही. नॉझल बदलावं. प्रेक्षकांची जागा बदलण्याचं मैदानाच्या बाजूने कोणतंही कारण नाही. हे शेवटचं वाक्य मार्लेनने घातलं.

लीगचं उत्तर आलं. क्लबला समज. हेंकला लेखी ताकीद, नोकरी कायम. नॉझल बदलेपर्यंत स्प्रिंकलर उघडा ठेवायचा, सगळीकडे सारखं पाणी. आणि सप्लायरने कळवलं, नॉझल पुढच्या सामन्यानंतर येईल.

म्हणजे एक सामना रांग भिजणार होती. येरूनने लगेच टिनेकेला फोन करून प्रेमाने सुचवलं, या रविवारी तुम्ही सगळे वर काचेमागे बसा, फक्त एक दिवस. हे मला त्यांनीच सांगितलं. "एक दिवस रिकामी दिसली ना जागा," त्या म्हणाल्या, "सोमवारी तिथे बोर्ड असेल. मी जन्मभर रांगेत उभी राहिले नाही, पण कुठली जागा सोडायची नाही ते मला कळतं."

त्या रविवारी मला काही काम नव्हतं. तरी गेलो. हेंकने शेडमधली गवत झाकायची ताडपत्री आणली होती. रांगेतले सगळे हजर होते, पीटसुद्धा, गळ्याला मफलर गुंडाळून. हाफटाइमची शिट्टी झाली. हेंकने ताडपत्रीचं एक टोक धरलं आणि दुसरं माझ्यापुढे केलं. लहानपणी पाइप धरायचो, तसं ते धरलं. आम्ही दोघे रांगेसमोर भिंतीसारखे उभे राहिलो. पाणी ताडपत्रीवर आपटत होतं आणि वरून आमच्या मानेत उतरत होतं. टिनेके मागून ओरडल्या, "मिलिंद, डावीकडे! पीट भिजतोय!" मी डावीकडे सरकलो.

आता खेळाचं सांगतो. त्या दिवशी शून्य तुटलं. हाफटाइमच्या आधीच. घरच्या क्लबच्या डिफेंडरने हेडरने चेंडू आपल्याच गोलात मारला, उत्तरेकडच्या गोलात, जिथे गवताला कधीच कोणी बोट लावलं नव्हतं. पण तक्रार करणाऱ्या क्लबच्या लोकांना हे सांगून उपयोग नाही. ते आजही म्हणतात, बघा, स्प्रिंकलर उघडला आणि पहिल्याच सामन्यात गोल बसला. हेंकच्या मागे लोक अजून कुजबुजतात. बेकरीच्या काचेवरून त्या पोराचा फोटोही उतरला. त्याने अडवलेले सगळे फटके आता स्प्रिंकलरच्या नावावर जमा आहेत. मला त्या पोराचं वाईट वाटतं. त्याला एकदाही कोणी काही विचारलं नाही, मीही नाही.

नॉझल आलं, बसवलं. रांग जागेवर आहे. एलईडी बोर्ड पश्चिमेला लागले.

धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच: कोरडा तुकडा दिसला, की आधी वाऱ्याकडे बघावं, मग माणसांकडे. मी आता बॅगेत चावीबरोबर डाळीचे डबे ठेवतो. बायकोने नवे आणलेत.

ताडपत्री धरली त्या रविवारी संध्याकाळी मी ओल्या कपड्यांनीच आप्पांना फोन केला होता. त्यांनी नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारलं, "कॅप्टन सापडला का?"

"सापडला. तुमचं बरोबर होतं. सांगितल्याशिवाय नळ बंद झाला नव्हता."

"कोण होता?"

"सत्तरीच्या एक बाई आहेत. व्हीलचेअरवर बसतात."

आप्पा म्हणाले, "आमच्या वेळी असा एखादा कॅप्टन चहाला यायला हवा होता."